शर्यतीच्या यादीचा धनी कोण?

घोड्यांच्या शर्यतींचे नाव काढताच नाक मुरडणारा वाचकवर्ग आमच्या परिचयाचा आहे, आणि त्याच्या तिटकाऱ्याविषयी आमची काही तक्रार नाही. महालक्ष्मीच्या मैदानावर महिन्याचा पगार उधळून रिकाम्या खिशाने लोकलच्या डब्यात शिरणारा कारकून या शहराने पुष्कळ पाहिला आहे. तथापि आज ज्या वादाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, तो शर्यतीच्या मैदानावर सुरू झाला असला तरी तेथेच संपणारा नाही. कोणता घोडा, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या मैदानावर धावणार, ही माहिती एखाद्या संस्थेच्या मालकीची असू शकते काय, असा हा प्रश्न आहे. घोड्याच्या जागी आगगाडी घाला, क्रिकेटचा सामना घाला, परीक्षेचा निकाल घाला. प्रश्न तोच राहतो. मग मात्र नाक मुरडून चालत नाही.

प्रश्न आज काढण्यासही कारण आहे. युरोपीय संघाचा विदा-विषयक कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्याच्या ४३ व्या कलमात असे म्हटले आहे की, इंटरनेटशी जोडलेल्या यंत्रांच्या वापरातून जी माहिती आपोआप निर्माण होते, तिच्यावर माहितीसंग्रहाचा खास मालकीहक्क कोणालाही सांगता येणार नाही. मोटारीने किती इंधन जाळले याची नोंद मोटार बनविणाऱ्या कारखान्याची मालमत्ता होत नाही, असा त्याचा सोपा अर्थ. ‘निर्माण केलेली’ माहिती आणि ‘गोळा केलेली’ माहिती यांत कायद्याने भेद करावा, हा त्या कलमामागील विचार ज्या खटल्यात घासूनपुसून स्पष्ट झाला, तो इंग्लंडातील घोड्यांच्या शर्यतींचा खटला होता.

खटल्याकडे वळण्यापूर्वी हँडिकॅप म्हणजे काय ते सांगणे अवश्य आहे. सर्व घोडे सारख्या कुवतीचे नसतात. ज्याची आजवरची कामगिरी सरस, त्याच्या पाठीवर जॉकीसह अधिक वजन द्यायचे, जो दुबळा त्याच्यावर कमी. म्हणजे शर्यत चुरशीची होते. कोणावर किती भार घालायचा हे ठरविणारा अधिकारी तो हँडिकॅपर. कागदावर पाहिले तर सगळे घोडे एकाच क्षणी अंतिम रेषेवर पोहोचावेत, इतका त्याचा हिशेब चोख हवा! वर्गात हुशार मुलाला अवघड आणि मठ्ठ मुलाला सोपी प्रश्नपत्रिका देऊन दोघांना सारखेच गुण मिळतील अशी तजवीज करणाऱ्या शिक्षकाची कल्पना करावी. अमेरिकेत हाच शब्द निराळ्या अर्थाने वापरतात. तेथे जुन्या शर्यतींचे आकडे अभ्यासून कोण जिंकेल याचा अंदाज बांधणे यालाच हँडिकॅपिंग म्हणतात. तेव्हा शर्यतीच्या कागदावर तीन जातींचा मजकूर एकत्र नांदत असतो: घोड्याचे नाव आणि वेळ ही वस्तुस्थिती, त्याच्यावरील भार हा अधिकाऱ्याचा निर्णय, आणि तो जिंकेल की हरेल हे कोणा जाणत्याचे भाकीत. या तिहींचा हक्क एकाच मापाने मोजता येत नाही, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील वादाची गुंतागुंत निम्मी सुटते.

इंग्लंडातील शर्यतींचा कारभार त्या काळी ब्रिटिश हॉर्सरेसिंग बोर्ड ही संस्था पाहत असे, आणि नोंदींचे काम वेदरबीज या अठराव्या शतकापासून त्या व्यवसायात असलेल्या पेढीकडे होते. घोड्यांची, मालकांची, प्रशिक्षकांची आणि जॉकींची नोंद ठेवणे, हँडिकॅपचे भार नोंदविणे आणि प्रत्येक शर्यतीत धावणाऱ्या घोड्यांची यादी तयार करणे, असा हा खटाटोप होता. सुमारे तीस माणसे टेलिफोनवर बसून प्रशिक्षकांकडून घोड्यांची नावे उतरवून घेत. या सर्व संग्रहावर बोर्डाचा वर्षाला सुमारे चाळीस लक्ष पौंड खर्च होई, आणि माहिती वापरणाऱ्यांकडून मिळणाऱ्या शुल्कातून त्याचा जेमतेम चौथा हिस्सा भरून निघे.

विल्यम हिल ही इंग्लंडातील पैजा घेणारी फार मोठी पेढी. तिने २००० साली इंटरनेटवरून पैजा घेण्यास प्रारंभ केला आणि आपल्या संकेतस्थळावर शर्यतींच्या याद्या लावल्या. तिने काय घेतले हे नीट पाहिले पाहिजे. घोड्यांची नावे, दिवस, वेळ, शर्यतीचे नाव आणि मैदानाचे नाव, एवढेच. त्यांतील बरेच आदल्या दिवशीच्या वृत्तपत्रांतही छापून येत असे. हँडिकॅपचे भार तिने त्या यादीत घेतले नव्हते. तरीही बोर्डाने दावा लावला. आधार होता १९९६ सालच्या युरोपीय निर्देशाचा. त्या निर्देशाने एक नवाच हक्क जन्माला घातला होता: माहिती मिळविणे, तपासणे वा मांडणे यांसाठी ज्याने मोठी गुंतवणूक केली, त्याला त्या संग्रहाच्या वापरावर पंधरा वर्षे नियंत्रण. त्यासाठी प्रतिभेची अट नाही, केवळ पैसा आणि परिश्रम पुरे! शिवाय नवी मोठी गुंतवणूक केली की पंधरा वर्षांचे घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू. जो संग्रह रोजच्या रोज अद्ययावत होतो, त्याचा हक्क मग कधी संपणार, हे निर्देशकर्त्यांनाच ठाऊक.

लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लॅडी यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये बोर्डाच्या बाजूने निकाल दिला. अपील न्यायालयाने मात्र निर्देशाच्या अर्थाविषयीचे प्रश्न लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाकडे धाडले, आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी तेथून जे उत्तर आले त्याने बोर्डाच्या पायाखालची वाळू सरकली. त्याच दिवशी फुटबॉल सामन्यांच्या वेळापत्रकांवरील फिनलंड, स्वीडन आणि ग्रीस येथील तीन खटल्यांतही त्याच तत्त्वाने उत्तर देण्यात आले.

ते तत्त्व समजण्यास शाळेच्या वेळापत्रकाएवढे चांगले उदाहरण नाही. मुख्याध्यापक जून महिन्यात डोके खाजवीत वेळापत्रक रचतो. सोमवारी तिसऱ्या तासाला गणित, चित्रकलेचे शिक्षक दोन शाळांत वाटलेले, प्रयोगशाळा एक आणि तुकड्या चार. हे काम किती जिकिरीचे असते ते ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक. आमच्या आयुष्यातील कित्येक जून महिने त्यात खर्ची पडले आहेत. परंतु ‘सोमवारी तिसऱ्या तासाला गणित’ ही माहिती मुख्याध्यापकाने कोठून शोधून आणली काय? छे! त्याने ती ठरविली, म्हणून ती अस्तित्वात आली. उलट एखाद्याने शहरातील शंभर शाळांत हेलपाटे घालून शंभर वेळापत्रके मिळविली, पडताळली आणि एका पुस्तकात मांडली, तर ते मात्र गोळा करण्याचे काम. युरोपीय न्यायालय म्हणाले की निर्देशाचे संरक्षण या दुसऱ्या माणसाला आहे, पहिल्याला नाही. आधीपासून अस्तित्वात असलेली माहिती शोधण्यासाठी व तपासण्यासाठी केलेली गुंतवणूक तेवढी मोजायची. माहिती निर्माण करण्यासाठी केलेला खर्च त्यात धरायचा नाही. शर्यतीत कोण धावणार हे बोर्ड ठरविते, आणि ठरविता ठरविता यादी होते. तेव्हा यादीचा खर्च हा शर्यत भरविण्याचाच खर्च.

बोर्डाने तरीही चिकाटी सोडली नाही. २००५ साली प्रकरण अपील न्यायालयात परत आले, तेव्हा त्याच्या वकिलांनी सांगितले की आम्ही नावे निर्माण करीत नाही, ती प्रशिक्षक कळवितात. आम्ही ती फक्त गोळा करून तपासतो. युक्तिवाद चतुर खरा. परंतु न्यायमूर्ती जेकब यांनी त्यातील फट नेमकी हेरली. प्रशिक्षकाने कळविलेले नाव आणि बोर्डाच्या अधिकृत यादीतील नाव या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिली नुसती इच्छा आहे. दुसरीवर मान्यतेचा शिक्का आहे, आणि तो शिक्का जगात अन्य कोणीही मारू शकत नाही. शिक्क्यामुळे जे घडते ते संकलन नव्हे, निर्मिती होय. विल्यम हिलचे अपील मान्य झाले.

आता या निकालावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो आम्हास उडवून लावण्याजोगा वाटत नाही. जो घाम गाळून माहिती निर्माण करतो त्याला काही नाही, आणि जो दुसऱ्यांची माहिती हिंडून वेचतो त्याला हक्क. हा उफराटा न्याय नव्हे काय? घोडे पाळणारे, मैदाने राखणारे, हाडे मोडून घेणारे जॉकी हे सारे एका बाजूला, आणि या साऱ्यांच्या कष्टाने तयार झालेल्या वारुळात येऊन बसणारा नागोबा म्हणजे पैजांची पेढी दुसऱ्या बाजूला. सहानुभूती कोणाकडे जाईल हे सांगावयास नको.

पण येथे सहानुभूती आणि मालकी यांची गल्लत होते, असे आमचे मत आहे. शंभर शाळांची वेळापत्रके एकाने गोळा केली म्हणून दुसऱ्याची वाट बंद होत नाही. तोही हेलपाटे घालू शकतो. संकलकाला दिलेला हक्क फक्त त्याचे श्रम आयते उचलण्यास मनाई करतो. मुख्याध्यापकाने रचलेल्या वेळापत्रकाचे तसे नाही. ते मिळण्याचे ठिकाण एकच. त्याच्यावर मालकी दिली की आज तिसऱ्या तासाला काय आहे हे सांगण्याचा अधिकारही त्याच्या मर्जीवर जातो. वस्तुस्थितीला दुसरा उगम नसेल तर तिच्यावरील मालकी म्हणजे तिच्या उच्चारावरील मक्तेदारी. शर्यतींच्या याद्या छापणारी वृत्तपत्रे या प्रश्नात अगदीच तटस्थ नाहीत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे; परंतु आमचे मत केवळ स्वार्थातून बनलेले नाही.

ही मक्तेदारीची भीती काल्पनिक नव्हती, हे लगोलग दिसून आले. अ‍ॅट द रेसेस या दूरचित्रवाणी कंपनीस बोर्डाकडून परदेशांतील पैजा घेणाऱ्यांसाठी हीच माहिती हवी होती. बोर्डाने मागितलेला दर अवाच्या सवा असून हा आपल्या एकमेव स्थानाचा दुरुपयोग आहे, अशी तिने फिर्याद केली. डिसेंबर २००५ मध्ये उच्च न्यायालयास ते पटले; फेब्रुवारी २००७ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरविला. उत्पादनखर्चापेक्षा किंमत पुष्कळ अधिक असली एवढ्यानेच ती अन्याय्य ठरत नाही, असे त्याने सांगितले. म्हणजे एकीकडे मालकी नाकारली गेली, तरी दुसरीकडे करारातून आणि एकमेव पुरवठादार असण्याच्या बळावर बोर्डाच्या हाती बरेच काही उरले. मालकीहक्क मिळाला असता तर काय झाले असते याची कल्पना वाचकांनीच करावी.

या संदर्भात सिडनीच्या एका जुन्या खटल्याची आठवण होते. व्हिक्टोरिया पार्क येथील रेसकोर्सला उंच कुंपण होते. शेजारी टेलर नावाच्या गृहस्थाचे घर. त्याने आपल्या जागेत एक मचाण उभारू दिले, आणि त्यावर चढून एक निवेदक कुंपणापलीकडचे घोडे आणि फलकांवरील नावे पाहून शर्यतीचे वर्णन रेडिओवरून ऐकवू लागला. लोक तिकीट काढून मैदानावर येण्याऐवजी घरी बसून ऐकू लागले. कंपनी संतापली नसती तरच नवल! १९३७ साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने तिचा दावा फेटाळला. डोळ्यांना जे दिसते त्याचे वर्णन करण्यास बंदी घालण्याइतका हक्क देखाव्याच्या चालकास नाही. कुंपण अपुरे असेल तर त्याने ते आणखी उंच करावे, असा त्या निकालाचा रोख होता. दोन न्यायाधीशांचे मत विरुद्ध पडले हे विसरता कामा नये. प्रश्न तेव्हाही अवघड होता.

मग शर्यती चालविणाऱ्यांनी जगावे कसे? आमच्या दृष्टीने सगळ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे, आणि न्यायालयांच्या निकालपत्रांत त्याचा उलगडा होत नाही. इंग्लंडात १९६१ साली रस्त्यावरील पैजांची दुकाने कायदेशीर झाली, तेव्हाच त्यांच्या उत्पन्नातून शर्यतींसाठी एक लेव्ही बसविण्यात आली. घोड्यांच्या जिवावर धंदा करणाऱ्याने घोड्यांच्या दाण्यावैरणीस हातभार लावावा, हा सरळ व्यवहार. २००० साली सरकारने ही लेव्ही बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. उत्पन्नाचा आधार जाणार म्हणताच बोर्डाने माहितीच्या विक्रीतून तो पैसा उभा करण्याची योजना आखली. म्हणजे जे काम पार्लमेंटने उघड्यावर, चर्चा करून, कर या नावाने करावयाचे, ते काम ‘आमच्या यादीस हात लावू नका’ या मालकीहक्काकडून परस्पर करवून घेण्याचा हा बेत होता. लक्झेंबर्गच्या निकालाने तो कोसळला, आणि गंमत अशी की लेव्ही मात्र जिवंत राहिली. इतकेच नव्हे, तर २०१७ साली तिचे नियम सुधारून परदेशांत ठाण मांडून इंटरनेटवर धंदा करणाऱ्या पेढ्यांनाही तिच्या कक्षेत आणले गेले. ब्रिटिश शर्यतींवरील पैजांतून पाच लक्ष पौंडांवर जो ठोकळ नफा होईल त्याच्या दहा टक्के. दर कमी की जास्त यावर तेथे भांडण चालूच असते. चालू द्यावे. ते भांडण लोकप्रतिनिधींसमोर होते आणि त्यात कोणा वर्तमानपत्रास वा कोणा विद्यार्थ्यास घोड्याचे नाव लिहिण्यापूर्वी परवानगी मागावी लागत नाही.

हँडिकॅपच्या भारांचा प्रश्न मात्र आम्ही याहून निराळा समजतो. कोणत्या घोड्यावर किती भार, हा माणसाचा विवेक आहे. घोडा उद्या तीन वाजता धावणार या विधानाइतका तो निर्विकार नाही. एखाद्या खासगी तज्ज्ञाने आपल्या पद्धतीने प्रत्येक घोड्यास वेगाचा अंक दिला आणि ते अंक कोणी जसेच्या तसे उचलून विकले, तर त्या तज्ज्ञाची तक्रार न्यायालयाने ऐकलीच पाहिजे. परंतु अधिकृत हँडिकॅपरने दिलेला भार जाहीर झाला की तो त्या शर्यतीचा नियम होतो. खेळाचे नियम सांगण्यास कोणाची मुभा लागू नये.

आपल्या देशात हे सारे कोठे उभे आहे? युरोपासारखा माहितीसंग्रहाचा स्वतंत्र हक्क भारतीय कायद्यात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात साहित्यकृतीच्या व्याख्येत संगणकीय माहितीसंग्रहही मोडतात. शर्यतीच्या यादीला साहित्याच्या पंक्तीला बसविणारी ही व्याख्या आमच्या समीक्षकांच्या नजरेतून कशी सुटली कोण जाणे! मात्र नुसत्या घामावर कॉपीराइट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात डिसेंबर २००७ मध्ये स्पष्ट केले. न्यायालयांचे निकाल सर्वांचे. त्यांवर संपादकाने विवेकबुद्धीने जी भर घातली तेवढीच त्याची. क्रिकेटच्या धावा मोबाइलच्या संदेशांतून तत्काळ कळविण्याचा प्रश्न २०१३ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा एका न्यायाधीशांनी पंधरा मिनिटे थांबण्याचा आदेश दिला आणि खंडपीठाने तो रद्द केला. पुढे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

आणखी एक निकाल या विषयाशी निगडित आहे, जरी तो त्या दृष्टीने सहसा पाहिला जात नाही. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की घोड्यांची शर्यत हा निव्वळ दैवाचा खेळ नसून कौशल्याचा खेळ आहे, आणि म्हणून ती जुगाराच्या बंदीत सापडत नाही. हे कौशल्य कशाचे? घोड्याचे कूळ, त्याची मागची धाव, त्याच्यावरील भार, जॉकीचा हात, यांचा अभ्यास करून अनुमान बांधण्याचे. महालक्ष्मी असो वा पुणे, रेसचे पुस्तक हातात धरून पेन्सिलीने खुणा करणाऱ्या माणसाचे कायदेशीर समर्थन या अभ्यासावर उभे आहे. आता हाच अभ्यासाचा मजकूर एखाद्या संस्थेने आपली खासगी मालमत्ता म्हणून जास्तीत जास्त पैसे देणारासच विकावयाचे ठरविले, तर उरलेल्यांच्या हातात काय राहिले? निव्वळ दैव. ज्या पायावर शर्यतींना कायद्याचे संरक्षण मिळाले, तो पाया त्यांच्याच चालकांनी उखडावा हे शहाणपणाचे नाही. शर्यतींचा आम्हास पुळका नाही. पण जे चालू आहे ते उजेडात चालावे.

माहितीचे मोल जसजसे वाढेल तसतशी युरोपासारखा हक्क येथेही आणावा अशी मागणी पुढे येईल. क्रीडासंस्था, शेअरबाजार, वाहतूक कंपन्या यांना तो हक्क कोणास नको असेल? ती मागणी संसदेपुढे येईल तेव्हा १९९६ च्या निर्देशाचा पूर्वेतिहास सदस्यांनी अवश्य चाळावा. १९९२ सालच्या मूळ प्रस्तावात अशी तरतूद होती की, जी माहिती अन्यत्र कोठेही मिळू शकत नाही, ती वाजवी शुल्क घेऊन मागेल त्यास वापरू देण्याची सक्ती संग्रहाच्या मालकावर असावी. चार वर्षांच्या घासाघिशीत ती गळाली, आणि तिच्या जागी काहीच आले नाही. लक्झेंबर्गच्या न्यायाधीशांना शब्दांचा काटेकोर अर्थ लावून ती उणीव निम्मीशिम्मी भरून काढावी लागली. आपल्या मसुद्यात ती तरतूद पहिल्या दिवसापासून असली पाहिजे, आणि ‘निर्माण केलेल्या’ माहितीस हक्क नाही हे वाक्य न्यायालयांवर न सोडता कायद्याच्या मजकुरातच लिहिले गेले पाहिजे.